शंका घेणारं माणूस

कथाकथनाचा कार्यक्रम ठरला की आयोजकांना मी एकच अट घालते. श्रोत्यांवरचे दिवे मालवायचे नाहीत. माइक कसाही असो, टेबल नसलं तरी चालतं, पहिल्या रांगेत सोफे मांडून मान्यवरांना बसवलं तरी माझी तक्रार नसते. पण समोरचे चेहरे मला दिसायला हवेत. पुष्कळांना हे पटत नाही. अंधार केला की वातावरण तयार होतं, असं ते मला समजावतात. भुताच्या गोष्टीला होत असेल. मी सांगते त्यातल्या बहुतेक गोष्टी थापा असतात, चांगल्या घसघशीत थापा, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी कधी पडते ते दिसल्याशिवाय मला पुढची थाप मारता येत नाही.

थापाड्या माणसाबद्दल लोकांची समजूत अशी, की त्याला जीभ लागते, धिटाई लागते, चेहऱ्यावरची रेघ हलू न देण्याची कला लागते. ते तर लागतंच. पण आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना, आणि पुढं वाचनालयांत, व्याख्यानमालांत, बचत गटांच्या मेळाव्यांत, गणपतीपुढच्या मांडवात गोष्टी सांगत आले, त्यातून माझं मत असं झालं आहे की थाप एकट्यानं मारता येत नाही. तिला शेजारी शंका घेणारं माणूस लागतं. ‘असं कसं होईल?’ म्हणणारं. अतिशयोक्ती करतो सांगणारा, पण तिच्यावर विश्वास बसतो तो या दुसऱ्या माणसामुळं.

मला हे दिसलं ते गोंधळात. आमच्याकडं लग्नानंतर गोंधळ घालायची रीत आहे. अंगणात चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ कडकडतंय. अंगरखा घातलेला, गळ्यात कवड्यांच्या माळा ल्यालेला नाईक आधी गण म्हणतो, मग तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, सगळ्या देवांना गोंधळाला यायचं आवतण देतो, आणि रात्र चांगली चढल्यावर आख्यान लावतो. लहानपणी मला वाटायचं, गोष्ट नाईक सांगतो. पुढं कान देऊन ऐकायला लागले तेव्हा लक्षात आलं, की निम्मी गोष्ट साथीदार सांगतो, आणि तो ती प्रश्न विचारून सांगतो. नाईक म्हणतो, राजाच्या फौजेत इतके हत्ती होते. साथीदार तुणतुणं थांबवून विचारतो, ‘एवढ्या हत्तींना वैरण कुठली वो?’ अंगणात हशा पिकतो. नाईक चिडल्यासारखं करतो, साथीदाराला येड्यात काढतो, आणि मग वैरणीचं उत्तर देतो. कुठल्या कुरणातनं आली, किती गाड्या लागल्या, गाड्यांना बैल कुणी दिले. उत्तर देता देता हत्ती दुप्पट झालेले असतात. कुणाचं तिकडं ध्यान नसतं, कारण सगळं अंगण वैरणीच्या गाड्या मोजत असतं.

अंगणात बसलेले आपण मनातल्या मनात जे म्हणत असतो, ते साथीदार मोठ्यानं म्हणून टाकतो. आपली शंका कुणीतरी मांडली, भर सभेत तिला उत्तर मिळालं, की मग आपण पुढचं ऐकायला मोकळे होतो. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या हेच काम करतो. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचं काम वेगळं. ते ‘जी जी’ म्हणून दुजोरा देतात, शाहिराचा दम टिकवतात. हुंकार देणारं माणूसही गोष्टीला लागतंच, पण हुंकारानं गोष्ट पुढं सरकते आणि शंकेनं ती उंच जाते. परभणीच्या राजारामभाऊ कदमांना लोक गोंधळमहर्षी म्हणत. त्यांच्यासारख्यांनी अंगणातला गोंधळ मोठमोठ्या रंगमंचांवर नेला. आजही गोंधळ कितीही मोठ्या रंगमंचावर असू दे, नाईकाशेजारी साथीदार असतोच.

कथाकथन करणारं माणूस मात्र मंचावर एकटं असतं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार या तिघांनी हा प्रकार गावोगाव पोचवला, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून चालत आलो. मिरासदारांच्या गोष्टी मी शिक्षिका असताना पुन्हा पुन्हा ऐकायचे. त्यात नाना चेंगट असतो, बाबू पैलवान असतो, गणामास्तर, रामा खरात असतात. एकानं काही सांगायला तोंड उघडलं की दुसरा त्यात खोडा घालतो. मंचावर माणूस एकच असतो, पण त्यानं गोष्टीच्या आतच अख्खा कट्टा बसवलेला असतो. साथीदार नसेल तर तो असा आत न्यावा लागतो, हे मी तिथून घेतलं.

आमच्या भावकीत एक आबा होते. त्यांची मोटेची गोष्ट मी आजही सांगते. दुष्काळी मुलूख, खोल विहिरी, इंजिनं यायच्या आधीचा काळ. आबांकडं म्हणे अशी बैलजोडी होती, की एकदा धावेवर उभी केली की हाकायला माणूस नको. नाडा ताणत आपण होऊन धाव उतरायची, थारोळ्यात पाणी सांडल्याचा आवाज आला की आपण होऊन मागं सरायची. एका रात्री आबांना धावेच्या कडेलाच झोप लागली. बैल थांबले नाहीत. पहाटे आबा जागे झाले तर विहीर तळापर्यंत कोरडी, आणि तरी बैल ओढतायत, तरी मोट भरून येतीय. पाणी कुठलं? झऱ्यातून ओढलेलं, शेजारच्या विहिरीचं. तेवढ्यात आणखी एक मोट वर आली, थारोळ्यात रिकामी झाली, आणि पाण्याबरोबर ठणकन् पितळेची घागर पडली. शेजारच्या काकू पहाटे पाणी शेंदायला आल्या होत्या. त्यांनी त्यांच्या विहिरीत घागर सोडली ती आमच्या विहिरीतनं निघाली.

इथं आबा थांबायचे. तंबाखू तळहातावर घ्यायचे, चुना लावायचे, मळत बसायचे. मग कट्ट्यावरचं कुणीतरी बोलायचंच, ‘आबा, झरा तो केवढा न् घागर केवढी! मावली कशी म्हनायची?’

आबा त्या माणसाकडं कौतुकानं बघायचे. ‘मावतीय कुठली! चेपली की. ह्यो एवढा पोचा पडला तिला. अजून हाय. जाऊन बघ जा मोरीत.’

आता काकूंच्या मोरीत घागर होती, आणि तिला पोचाही होता. गावातल्या निम्म्या घागरींना असतो. मी लहान असताना जाऊन त्या पोच्यावरून बोट फिरवून आले. बुडापासून जरा वर, तळहात मावेल एवढा खळगा, त्याच्या कडेला पितळ घासून पांढुरकं झालेलं. गोष्ट खोटी आहे हे मला त्या वयातही कळत होतं. तरीही पोच्यावर बोट ठेवून मी झऱ्याची रुंदी किती असेल याचा अंदाज बांधत होते. तेव्हा माझ्या मनात जे चाललं होतं, तेच मी पुढं जन्मभर श्रोत्यांच्या चेहऱ्यावर शोधत आले.

घरातली जुनी माणसं सांगायची, की आधी आबांची गोष्ट घागर पडली तिथंच संपायची. पोचा नंतर आला. कुणीतरी कट्ट्यावर प्रश्न विचारला आणि त्या दिवशी आबांना उत्तर द्यावं लागलं. म्हणजे त्या गोष्टीतला सगळ्यांत खरा वाटणारा भाग आबांनी रचलाच नव्हता. तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला. त्यानंतर मात्र आबांनी ती थांबायची जागा कधी सोडली नाही.

मंचावर ही गोष्ट मी दोन्ही तऱ्हांनी सांगून पाहिली आहे. ‘पोचा पडलेली घागर बाहेर आली’ असं एका दमात सांगितलं तर लोक हसतात आणि पुढच्या वाक्याला विसरतात. घागरीपाशी थांबले, समोरचे चेहरे बघत राहिले, कुठंतरी आठी दिसली की ‘हे काका म्हणतायत, मावली कशी?’ असं विचारलं, की अख्खी सभा पुढं झुकते. काका तोंडानं काही बोललेले नसतात. पण आपल्या मनातलं ऐकू आल्यासारखे ते दचकतात, आणि शेजारचे त्यांच्याकडं बघून मान डोलावतात. त्या क्षणापासून काका माझे साथीदार. पुढची गोष्ट आम्ही दोघं मिळून सांगतो. एवढ्यासाठी मला उजेड हवा असतो.

शंका कशावर घेतली जाते हेही बघण्यासारखं आहे. बायकांच्या मेळाव्यात मी एका लग्नाची गोष्ट सांगते. वऱ्हाड इतकं मोठं, की एकेक पुरणपोळी लाटत बसायला सवड नाही, म्हणून सगळ्या वऱ्हाडाला मिळून एकच पोळी केली. पुरुषांच्या सभेत या वाक्याला ‘काहीही!’ असा सूर येतो. बायकांत पोळी तत्काळ मंजूर होते आणि चौकशी सुरू होते. तवा कुठला घेतला? तवा कुठला पुरायला. गुऱ्हाळातली काहिल उपडी घातली, मांड्यांना खापर घालतात तशी. जाळ कसला? चुलवाणात चिपाडं सारली. उलटली कशी? हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्या बाईचा हात उलथनं धरल्यासारखा हवेत फिरलेला असतो. चौघींनी नऊवारी लुगडं ताणून धरलं, पोळी त्यावर घेतली न् झेलता झेलता पालथी केली. यावर सगळ्या जणी समाधानानं माना हलवतात. एकदा मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, ‘पुरण यंत्रातनं काढलं का पाट्यावर वाटलं?’ पाट्यावर, आजी, तेव्हा यंत्र कुठलं. आजी म्हणाल्या, ‘मग बरोबर.’

त्या ‘मग बरोबर’चं मोल मला फार वाटतं. तिथं मी यंत्र म्हटलं असतं तर एवढी मोठी पोळी जागच्या जागी फुटली असती. जिनं जन्मभर शेकडो पोळ्या लाटल्या, तिला पोळीच्या आकाराशी देणंघेणं नसतं. ज्या कामात तिचं आयुष्य गेलं त्या कामाची सांगणाऱ्याला माहिती आहे का, एवढं ती तपासते. म्हणून मी थाप रचताना थापेवर फार वेळ घालवत नाही. मोटेची गोष्ट उभी करताना मी म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडं बसून नाडा कुठला, सोल कुठला, चाक कुठं बसवतात हे समजून घेतलं. गुऱ्हाळाच्या गोष्टीसाठी गुळव्याशेजारी उभी राहून रस कसा उकळतो, मळी कधी काढतात हे बघितलं. बैल रात्रभर ओढू देत, पण नाडा आणि सोल यांची अदलाबदल झाली तर शेतकरी मला सोडायचा नाही, आणि त्यानं सोडूही नये.

तानाजीच्या घोरपडीचं सांगते. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री कोंढाणा घेतला. तुळशीदास शाहिराचा त्यावरचा पोवाडा ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये छापलेल्या संग्रहात आहे. त्यात अतिशयोक्तीला तोटा नाही; उदयभानाच्या नुसत्या जेवणाचं वर्णन वाचलं तरी डोळे विस्फारतात. पण माझं लक्ष घोरपडीवर खिळतं. शाहिरानं ती यशवंती पेटाऱ्यातून काढली, तिला सजवली, पूजली, कड्याला लावली. आणि मग ती अर्ध्या कड्यावरून माघारी फिरली. तानाजी तिच्यावर संतापला, तिला धाक घातला, तेव्हा कुठं ती वर गेली. आता शाहिराला काय अडलं होतं? एका दमात चढवली असती. पण समोर बसलेले मावळे घोरपड ओळखत होते. असला कडा, असला भार, ती चढेलच कशी, हे त्यांच्या मनात आलं असणार. शाहिरानं घोरपडीलाच शंका घ्यायला लावली. ती नाही म्हणाली, म्हणून तिचं होय म्हणणं पटलं.

शिवजयंतीच्या एका कार्यक्रमात मी हे आख्यान सांगत होते. एक शाळकरी पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘घोरपडीला माणसाचं वजन पेलतं का?’ व्यासपीठावरून कुणीतरी त्याला दरडावून खाली बसवलं. मी गोष्ट थांबवली आणि त्याला माइकपाशी बोलावलं. त्याला सांगितलं, बाळा, घोरपड हा पाच-सात किलोंचा प्राणी, तिला माणूस पेलायचा नाही. सभासद बखरीत घोरपड नाही, मावळे हातापायांनी कडा चढून गेले. आणि शाहिरानं घोरपड अर्ध्यातून माघारी आणली, म्हणजे तुझा प्रश्न त्याला तुझ्या आधी पडला होता. पोरगा हसला. त्याचं हसणं बघून सभाही सैल झाली.

मला तर वाटतं, अंधाऱ्या रात्री नुसत्या बोटांच्या बळावर तो कडा चढणं हीच थाप वाटावी अशी खरी गोष्ट आहे. ती पटावी म्हणून शाहिरानं घोरपड आणली. पण त्यासाठी ऐकणाऱ्याला तोंड उघडायची मुभा हवी. ज्या सभेत शंका घेणाऱ्याला खाली बसवतात तिथं गोष्ट सांगायला माझं मन घेत नाही. तिथं थाप उरत नाही, हुकूम उरतो.

जर्मनीतल्या बोडेनवेर्डरच्या बॅरन म्युंखहाउझेनची हकिकत मला याच कारणानं चटका लावते. हा माणूस 1720 मध्ये जन्मला, रशियाच्या फौजेत तुर्कांविरुद्ध लढला, आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर पाहुण्यांना जेवणानंतर आपल्या मोहिमांच्या गोष्टी सांगायचा. सांगण्यात त्याचा हातखंडा होता. 1785 मध्ये रुडॉल्फ रास्पे नावाच्या गृहस्थानं त्याच्या नावावर इंग्रजीत पुस्तक काढलं, पुढच्या वर्षी ब्युर्गर या कवीनं ते वाढवून जर्मनमध्ये आणलं. बर्फात रात्री खुंटाला घोडा बांधला, सकाळी बर्फ वितळलं तर खुंट म्हणजे चर्चचा कळस आणि घोडा वर लोंबकळतोय. तोफगोळ्यावर बसून शत्रूच्या किल्ल्याकडं झेप घेतली. अशा त्या गोष्टी. पुस्तक जगभर गेलं. आणि बॅरनचं नाव खोटारडा म्हणून पडलं. लोक त्याचं घर बघायला यायला लागले, म्हातारपणी तो कडवट झाला, आणि 1797 मध्ये तसाच गेला. जेवणाच्या टेबलावर त्याच्या समोर मित्र होते, ‘खुंट होता का कळस, तुला कळलं नाही?’ म्हणणारे. कागदावर ते मित्र आले नाहीत. नुसता त्याचा एकट्याचा आवाज आला, आणि एकट्या आवाजात सांगितलेली थाप खोटं ठरते.

बंगाली लेखक प्रेमेंद्र मित्रांना हे पक्कं ठाऊक असावं. त्यांचा घनादा 1945 पासून थापा मारत आला, पण एकटा कधी नाही. कोलकात्याच्या बनमाली नस्कर गल्लीतल्या त्या मेसमधली पोरं त्याला डिवचतात, टोकतात, सिगरेट देऊन बोलतं करतात, रुसला तर खाऊ घालून मनवतात. घनादाचं भूगोल नि विज्ञान पक्कं, आणि समोर ही पोरं. म्हणून तो वाचताना कुणाला खोटारडा वाटत नाही.

टाळेबंदीच्या काळात माझेही काही कार्यक्रम संगणकाच्या पडद्यावर झाले. सगळ्यांचे माइक बंद, बहुतेकांचे कॅमेरेही बंद, नुसती नावं लिहिलेले काळे चौकोन. लोकांनी नंतर प्रेमानं निरोप पाठवले. मला मात्र बैलांना रात्रभर ओढायला लावणं तिथं जमेना. मी त्या काळात खऱ्या गोष्टी सांगितल्या.

आता अलीकडं माझ्याबरोबर एक तरुण मुलगी असते. आमच्याच तालुक्यातली, अंगणवाडीत काम करते. मंचावर ती माझ्या शेजारी खाली बसते आणि टोकते. गोंधळातला साथीदार कथाकथनात आणायचा, एवढाच माझा खटाटोप. तिला मी प्रश्न लिहून देत नाही. परवा तालमीत मोटेची गोष्ट संपत आली, मी पोच्यावर पोचले, आणि ती म्हणाली, ‘बाई, घागर तुमच्याकडं आली, मग दोर कुठं गेला? काकूंच्या हातात असंल की.’

इतक्या ठिकाणी ही गोष्ट सांगितली, दोराचं कुणीही विचारलं नव्हतं. आबांच्या कट्ट्यावरही नाही. मी म्हटलं, सोडला असेल काकूंनी. ती म्हणाली, ‘पितळंची घागर हाय बाई. कोन सोडंल?’ बरोबर होतं तिचं. मग आम्ही दोघी बसलो. काकू तिकडून ओढतायत, बैल इकडून ओढतायत, दोर झऱ्यात घासतोय. मी म्हटलं, घासून घासून झरा रुंद झाला आणि घागर आली. ती लगेच म्हणाली, ‘मग पोचा कसा पडला?’ पोचा सोडायला ती तयार नाही, मीही नाही. संध्याकाळपर्यंत आमचा वाद चालला होता.

पुढचा कार्यक्रम एका शाळेत आहे, पाचवी ते सातवीच्या मुलांपुढं. मोट पाहिलेली मुलं आता नसतात, म्हणून फळ्यावर आधी विहीर, धाव आणि थारोळं काढून दाखवणार आहे. दोर गोष्टीत घ्यायचा, पण तो कुठं गेला याचं उत्तर आम्ही ठरवून ठेवलेलं नाही. ते मुलांना विचारू.